चालताना जाणारं तेल

बाई, परवा शाळेच्या सभागृहात तुमच्यासाठी शोकसभा झाली. बोलणाऱ्यांच्या यादीत माझंही नाव होतं. ते पुकारलं गेलं आणि मी खुर्चीतून उठलोच नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांना वाटलं, याला भरून आलंय. त्यांनी सांभाळून घेतलं आणि पुढचं नाव घेतलं. भरून आलं होतं हे खरं, पण उठलो नाही ते त्यामुळे नव्हे. बाकीच्यांकडे सभेत सांगण्यासारखं होतं. तुम्ही शिकवलेलं गुरुत्वाकर्षण, तुमची शिस्त, प्रयोगशाळेला नवीन काचसामान मिळावं म्हणून तुम्ही घातलेले खेटे. माझ्याकडे होतं ते एका बोटीतून कमी होणारं तेल आणि त्यापायी गेलेली दोन वर्षं. ते माइकवर पाच मिनिटांत कसं सांगायचं?

तुम्ही कुठल्या साली जन्मलात, किती वर्षं नोकरी केलीत, ते सगळं फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि वाटलं, या बाई कुणी वेगळ्याच आहेत. म्हणून घरी येऊन हे लिहायला बसलो.

दहावीला मी तुमच्या वर्गात होतो. पालीजवळच्या आमच्या बौद्धवाडीतून एसटीनं येणारे आम्ही तिघं, आणि तिघांतला शास्त्रात नापास झालेला मी. मग मुंबईला काकांकडे गेलो, गोदीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडायला शिकलो आणि वीस वर्षांनी बोटींचा मिस्त्री होऊन परत आलो. तुमची पुन्हा गाठ पडली ती भाट्याच्या खाडीवर. तुम्ही नुकत्याच निवृत्त झाला होतात. जहाजावर इंजिनिअर असलेले तुमचे दादा मागे एक जुनी हौसेची मोटरबोट ठेवून गेले होते, फायबरची, सहा माणसांची, 'मैना' नावाची. सगळे सांगत होते, विकून टाका. तुमचं म्हणणं, विकायची की नाही ते चालवून बघितल्यावर ठरवीन. कुणीतरी तुम्हाला माझ्याकडे पाठवलं. तुम्ही छत्री बाजूला करून माझ्याकडे निरखून बघितलंत.

"तू प्रकाश ना? प्रयोगवहीत आधी निष्कर्ष लिहून मग निरीक्षणं भरणारा?"

हातातला पाना खाली ठेवावा की नाही, तेच मला सुचेना. "आता अनुभव आहे, बाई," मी म्हणालो.

"म्हणजे काय, निष्कर्ष पाठ झालेत," तुम्ही म्हणालात आणि चप्पल काढून बोटीत चढलात.

बोट चालवायला तुम्ही तीन महिन्यांत शिकलात. साठीला टेकलेली बाई सुकाणू धरून खाडीच्या तोंडातून बाहेर पडते आहे, हे बघायला सुरुवातीला जेटीवर माणसं जमायची. तुमच्याबरोबर कायम कुसुमताई. मांडवीत तुमच्या शेजारी राहणाऱ्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या, पाण्याला प्रचंड घाबरणाऱ्या, आणि तरीही चहाचा थर्मास घेऊन प्रत्येक वेळी सगळ्यात आधी बोटीत बसणाऱ्या. त्यांना मी एकदा विचारलं होतं, इतकी भीती वाटते तर येता कशाला? "हिला एकटीला कशी सोडू रे?" म्हणाल्या.

तेलाचं प्रकरण दुसऱ्या वर्षी सुरू झालं. मैनेचं इंजिन आत आणि मागे पाण्यात बुडालेला ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरमधून पंख्यापर्यंत नेणारा पाय. त्या पायाचं तेल वेगळं. इंजिनाच्या खणात एक प्लास्टिकची बाटली असते, ती नळीनं खाली ड्राइव्हला जोडलेली. बाटलीतली पातळी बघितली की ड्राइव्हची तब्येत कळते. दादांच्या वेळी त्या बाटलीला तेल कमी झालं की वाजणारा भोंगा होता, तो कधीच बंद पडला होता. "भोंगा नको, मी बघत जाईन," तुम्ही म्हणालात, आणि बाटलीवर नेलपॉलिशनं एक बारीक लाल रेघ ओढलीत.

मी तेल बदलून दिलं, तुम्ही एक फेरी मारून आलात आणि तेल रेघेच्या दोन बोटं खाली. मी लगेच म्हणालो, पंख्याच्या दांड्याचं, शाफ्टचं, तेल अडवणारं रबरी सील गेलं.

"कशावरून?"

"शंभरातल्या नव्वद बोटींत तेच असतं, बाई."

"ही त्या दहांतली नाही, हे तुला कसं कळलं?"

तुम्ही मला काही उघडू दिलं नाहीत. बाटली रेघेपर्यंत भरली, पुन्हा फेरी मारली, पुन्हा बघितलं. एक बोट खाली. पुन्हा भरली. तिसऱ्या फेरीनंतर तेल रेघेवरच थांबलं. तेल खालून पंपानं भरताना ड्राइव्हच्या कोपऱ्यांत हवा अडकली होती. बोट चालली तशी ती वर आली आणि तिची जागा तेलानं घेतली. गळती नव्हतीच. मी उगाच सील फोडणार होतो. तुम्ही फक्त कुसुमताईंना म्हणालात, "प्रकाशला पण चहा दे." त्या दिवसापासून मी तुमच्याकडे शिकवणाऱ्या बाई म्हणून पुन्हा बघायला लागलो. आणि तुम्ही जेटीवर ज्याला त्याला सांगायला लागलात, बोटीचं काम असेल तर प्रकाशकडे द्या, त्याच्या हाताला चूक नाही.

ते वाक्य मला किती गोड लागायचं, आणि किती जड जायचं, ते तुम्हाला कळलं नसेल. जेटीवर दुसऱ्या मिस्त्रीच्या हातून काम बिघडलं की लोक म्हणतात, इंजिनच जुनं होतं. माझ्या हातून बिघडलं की म्हणतात, काम कुणाला दिलंत तेही बघा. तोंडावर म्हणत नाहीत. पाठ वळली की म्हणतात, आणि ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणतात. त्यामुळे माझ्या हाताला चूक नाही हे मी इतरांपेक्षा जास्त सांभाळत होतो.

चौथ्या वर्षी तुम्ही मिऱ्याकडून परत येताना पंख्यात कोळ्यांचा तंगूस अडकला. नायलॉनची ती बारीक दोरी शाफ्टभोवती घट्ट गुंडाळली जाते आणि गरम होऊन सील कापते. या वेळी निदान बरोबर माझंच होतं. पंखा काढून गुंडाळलेला तंगूस मी तुम्हाला दाखवला, तेव्हा तुम्ही तो कागदात बांधून घरी नेलात, शाळेतल्या मुलांना दाखवायला; निवृत्तीनंतरही तुमचं तिथे येणंजाणं होतंच. सील बदलायचं होतं. ते ओढून काढायचं हत्यार मी एका ट्रॉलरवाल्याला दिलेलं, ते दोन दिवसांनी परत येणार होतं. तुम्ही म्हणाला होतात, काही घाई नाही. घाई मला होती. ओहोटीला बोट वाळूवर टेकलेली, ड्राइव्ह उघडा पडलेला, आणि बाजूला दोघं-तिघं उभे राहून बघत होते. एक जण म्हणाला, "काय मिस्त्री, जमत नाय वाटतं?" मी स्क्रूड्रायव्हर घातला आणि सील उचकटलं. ते निघालं. पण जाताना स्क्रूड्रायव्हरचं टोक शाफ्टवर ओढलं गेलं.

नखानं चाचपून बघितलं. नख अडकत होतं. सीलची रबरी कड नेमकी जिथे बसते तिथेच. मी बारीक पॉलिश पेपर फिरवला, नवीन सील बसवलं, तेल भरलं. मग ड्राइव्हमध्ये हातपंपानं हवा भरून दाबाचा काटा बघितला; कुठून हवा गळत असेल तर तो खाली येतो. दहा मिनिटं काटा हलला नाही. मी स्वतःला म्हणालो, झालं काम. तुम्हालाही तेच सांगितलं.

दोन महिने काही झालं नाही. मग एका सकाळी तुमचा फोन. "प्रकाश, रेघेखाली आलंय. अगदी थोडं. पण आलंय."

पुढचे पंधरा दिवस मला रोज आठवतात, बाई. तुम्ही इतक्या खुशीत होतात. एक खरा प्रश्न हाती लागला होता तुमच्या. तेल कमी होतंय, तर ते जातंय कुठे? बोटीच्या तळात सांडत असेल तर फडक्याला लागेल. तुम्ही तळ पुसून कोरडा केलात, फडकं कोरडंच राहिलं. नळीच्या जोडावर पाझरत असेल तर? तुम्ही घरून टाल्कम पावडर आणून प्रत्येक जोडावर भुरभुरलीत, पावडर पांढरीच राहिली. ड्राइव्हमध्ये पाणी शिरलंय का बघायला खालचा स्क्रू सैल करून थेंबभर तेल घेतलं, ते स्वच्छ पिवळं. "बरोबर आहे," तुम्ही म्हणालात, "बाटली पाण्याच्या वर आहे, तेलाचा दाब बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त. तेल बाहेर जाईल, पाणी आत यायचं नाही." बोट उभी असताना पाण्यावर तेलाचा तवंग दिसेना, म्हणून मी म्हणालो, मग बाहेरही जात नाही. तुम्ही मान हलवलीत. "चालताना जात असेल तर तवंग मागेच राहील ना? आपल्याला दिसणार कसा?"

मग हातपंप लावला. काटा पुन्हा हलला नाही. मी पंप काढायला हात घातला. तुम्ही मात्र काट्याकडे बघत बसून राहिलात आणि हळूच म्हणालात, "उभ्या बोटीतून तेल जातच नाहीये. मग आपण ती उभी ठेवून काय तपासतोय? दाब तसाच ठेव आणि पंखा हातानं फिरव."

तुम्ही बरोबर जागी पोचला होतात. पंखा दहा वेळा फिरवला असता तर काटा खाली आला असता, सील काढावं लागलं असतं आणि त्याखाली माझा ओरखडा दिसला असता. तो ओरखडा कशाचा, हे तुम्हाला सांगावं लागलं नसतं. तुम्ही ओळखलंच असतंत.

मी म्हणालो, "बाई, मागच्या वेळचं आठवतं ना? हवा अडकली होती. सील बदलल्यावर तेल नवीन भरलंय, ही तीच हवा असणार. तुम्हीच तर शोधून काढलं होतंत."

तुमचाच धडा मी तुमच्यावर उलटवला. दोन महिन्यांनी हवा कशी निघेल, हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर येऊन गेला, मी बघितला तो. पण तुमचा माझ्यावर विश्वास होता. "बरं," तुम्ही म्हणालात. "तू म्हणतोस तर."

माझं ठरलं होतं की पावसाळ्यात बोट वर घेतली की मुंबईहून नवीन शाफ्ट मागवायचा आणि गुपचूप बसवायचा. तुम्हाला कळायचंही नाही. तोवर तुम्ही रोज सकाळी बाटली बघत होतात आणि लागेल तसं तेल घालत होतात.

डिसेंबरातल्या त्या सकाळी तुमच्या जुन्या मैत्रिणी आल्या होत्या, दोघीजणी, कोल्हापूरहून. गप्पांच्या नादात तुम्ही बाटली बघितली नाहीत. किल्ल्याला वळसा घालून परत येताना दीपगृहाखाली ड्राइव्हमधून किंकाळी मारल्यासारखा आवाज झाला आणि पंखा जागच्या जागी अडकला. दुपारचा वारा किनाऱ्याकडे ढकलत होता आणि खाली खडप, पाण्यातून वर आलेले खडक. तुम्ही नांगर टाकलात, तो घसरत गेला, खडपापासून पन्नास हात असताना लागला. वीस मिनिटांनी एक ट्रॉलर आला. त्याच्या तांडेलानं ओरडून सांगितलं, "बाय, हात आत घ्या, रशी टाकतोय!" कुसुमताई दोरी धरायला पुढे झाल्या आणि लाटेनं दोन्ही बोटी एकमेकींवर आपटल्या. त्यांचा उजवा हात मधे सापडला.

मला फोन आला तेव्हा मी वर्कशॉपमध्ये होतो. मांडवीच्या जेटीवर पोचलो तर तुम्ही त्यांचा हात ओढणीत धरून बसला होतात. मी विचारायच्या आधी तुम्हीच म्हणालात, "मी आज बाटली बघितली नाही, प्रकाश."

दुसऱ्या दिवशी मी ड्राइव्ह उघडला. आत तेल नव्हतं, गिअर तापून निळे पडलेले. सीलची कड त्या ओरखड्यानं महिनोन्महिने कुरतडली होती आणि शेवटी फाटली होती. पहिल्या दिवशी हवा धरली ती कड नवीन होती म्हणून. तुम्ही खुर्ची टाकून शेजारी बसला होतात. मी शाफ्ट फडक्यात गुंडाळला आणि म्हणालो, "नवीन सीलच खराब निघालं, बाई. होतं असं कधीकधी." तुम्ही म्हणालात, "सील कुणाचंही जातं. बघणं माझं काम होतं."

मैना तुम्ही त्याच महिन्यात अलिबागकडच्या एका माणसाला देऊन टाकलीत. कुसुमताईंचं प्लास्टर निघालं पण दोन बोटं वळेनाशी झाली. त्यांचं भाकरी थापणं सुटलं, विणकाम सुटलं. तुम्ही रोज दोन्ही वेळची पोळी-भाजी त्यांच्याकडे नेऊन द्यायला लागलात, आणि समुद्रावर पुन्हा पाऊल ठेवलं नाहीत. संध्याकाळी मांडवीला तुम्ही बाकावर बसलेल्या दिसायचात. मी लांबूनच वळायचो. कधी समोरासमोर आलोच तर तुम्ही विचारायचात, "काम कसं चाललंय?" आणि मी सांगायचो, "चाललंय."

दोन वर्षं गेली. या फेब्रुवारीत शाळेत बक्षीस समारंभ होता. माझ्या मुलीला, सायलीला निबंधात दुसरं बक्षीस होतं, म्हणून मी मागच्या रांगेत बसलो होतो. पाहुण्या तुम्ही. तुमची तब्येत तेव्हाच उतरली होती, काठी आली होती हातात. तुम्ही मुलांना निरीक्षण म्हणजे काय ते सांगायला लागलात आणि मधेच म्हणालात, "एक दिवस मी नेमाचं निरीक्षण चुकवलं. त्या दिवसामुळे माझ्या मैत्रिणीचा हात गेला. माझ्या हलगर्जीपणानं." सायलीनं मागे वळून माझ्याकडे बघितलं, बाई काय बोलतायत म्हणून. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या घरी आलो. तुम्ही वरच्या खोलीत पेपर वाचत होतात. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. स्क्रूड्रायव्हर, ओरखडा, हवेचं कारण, फडक्यात गुंडाळलेला शाफ्ट.

तुम्ही पेपरची घडी घातलीत. "किती खोल होता?"

"नखाला लागेल इतका."

"म्हणजे मी पंखा फिरवायला सांगितलं तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू हवेचं बोललास."

तुम्ही घडी घातलेला पेपर बाजूला ठेवलात. मग म्हणालात, आणि आवाज चढला नव्हता तुमचा, "दोन वर्षं, प्रकाश. दोन वर्षं मी कुसुमच्या हाताकडे बघून जेवू शकले नाही. मला वाटायचं, म्हातारी झाले, डोकं चालेनासं झालं, साधं बाटलीकडे बघायचं सुचलं नाही. तेव्हा माझं डोकं नीट चालत होतं. मी बरोबर जागी पोचले होते. तू मला तिथून परत फिरवलंस."

"बाई, मी..."

"ऊठ," तुम्ही म्हणालात. मी तर उभाच होतो. ते तुमच्या लक्षात आलं नाही, इतक्या रागात होतात. "जा इथून."

मी जिना उतरून गेलो.

सात दिवसांनी तुमचा फोन आला. एवढंच म्हणालात, "साडेदहाला ये. कुसुमकडे जायचंय." काठी टेकत तुम्ही शेजारच्या अंगणात पुढे निघालात, मी मागे. कुसुमताईंच्या ओट्यावर बसल्यावर मला म्हणालात, "सांग हिला. मला सांगितलंस तसंच." मी सांगितलं. त्यांच्या हाताकडे न बघता सांगायला लागलो तर तुम्ही टोकलंत, "बघून सांग."

कुसुमताईंनी सगळं ऐकलं. त्या वळत नसलेल्या बोटांवरून डावा हात फिरवत राहिल्या. मग तुमच्याकडे वळून म्हणाल्या, "अगो, म्हणजे तू दोन वर्षं मला पोळ्या घालतेस ते या मेल्याच्या पायी?"

"बाटली मी बघितली नव्हती हे खरंच आहे," तुम्ही म्हणालात. "ते त्याच्यावर ढकलायचं नाही."

"बाई, बाटली बघायची वेळच आली नसती," मी म्हणालो.

"आली होती. आणि मी बघितली नाही."

"पण मुळात ओरखडा..."

"मुळाचं सांगू नकोस मला. तुझं तुझं, माझं माझं."

"तुमचं दोघांचं झालं असेल तर मी बोलू?" कुसुमताई म्हणाल्या. "हात माझा गेलाय. मला कुणी विचारतंय का?" मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "राग येतोय मला. बराच येतोय. आज जाईल असं वाटत नाही. पण ही बाई दोन वर्षं त्या बाकावर बसून समुद्र बघते, ते मला जास्त छळतंय. तू एक कर. एक बोट आण आणि हिला घेऊन चल. मी पण येईन."

मार्चमध्ये आम्ही गेलो. पर्यटकांना फिरवणाऱ्या एका ओळखीच्याची बोट मी मागून आणली. निघण्याआधी तिचं एकूण एक झाकण उघडून तुम्हाला दाखवलं, आणि तुम्ही चष्मा लावून एकूण एक बघितलंत. काठी बाजूला ठेवून सुकाणू तुम्हीच धरलंत. कुसुमताई मधोमध बसल्या होत्या, डाव्या हातानं बाकाची कड घट्ट धरून, डोळे मिटून. थर्मास या वेळी माझ्या मांडीवर होता. खाडीच्या तोंडाशी पाणी उसळतं तिथे तुम्ही वेग कमी केलात, लाट येऊ दिलीत, आणि तिच्या पाठीवरून बोट अशी काही बाहेर काढलीत की मला टाळी वाजवावीशी वाटली. कुसुमताईंनी डोळे उघडले. "बाहेर आलो?" "आलो," तुम्ही म्हणालात. परत येईस्तोवर आपला वाद चालूच होता, कुणाची चूक किती. तुम्ही निम्म्यावर अडून बसलात, मी सगळी मागत होतो. कुसुमताई म्हणाल्या, एवढं भांडून तर कुणी आंबेही वाटून घेत नाही.

तो वाद मिटला नाही, बाई. आता मी एकटाच तो चालवतोय आणि दोन्ही बाजूंनी बोलताना माझी पंचाईत होते. कधी वाटतं, तुमचं बरोबर होतं. तुमची निम्मी चूक मी ओढून घेत होतो त्यात माझाही अहंकारच होता, तुमचं काम तुमच्याकडून काढून घेण्याचा. कधी वाटतं, तुम्ही निम्मी ठेवून घेतलीत ती मला सगळी उचलवणार नाही म्हणून. विचारायचं होतं. आता कुणाला विचारू?

कुसुमताईंचा राग अजून पुरता गेलेला नाही. परवा सभेनंतर त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या तरी बोलल्या नाहीत. निघताना फक्त म्हणाल्या, "सायलीला पाठव रविवारी. तिला विणकाम शिकवते. मला येत नाही आता, पण सांगता येतं."

तुमची आणि माझी शेवटची भेट जुलैत. तुम्ही पलंगावर होतात, आवाज खोल गेला होता. सायलीचे मार्क विचारलेत, कुठल्या बोटीचं काम चालू आहे ते विचारलंत. मग डोळे मिटून म्हणालात, "आणखी काही सांगायचं राहिलंय का रे?"

मी म्हणालो, "नाही बाई. सगळं सांगून झालं."

ते खरं नव्हतं. त्या दिवशी तुमच्या भाच्या तिथे होत्या, नर्स होती, मला जमलं नाही. आता सांगतो.

माझ्या हातून काही बिघडलं की इथली माणसं माझ्या वाडीवर येतात, आडनावावर येतात. काही चांगलं झालं तर म्हणतात, हा त्यांच्यातला वाटत नाही. दोन्हींत मी कुठेच नसतो. त्या सकाळी वरच्या खोलीत तुम्ही मला हाकललंत, तेव्हा तुमच्या रागात वाडी नव्हती, आडनाव नव्हतं. ज्यानं ओरखडा पाडला आणि लपवला तो प्रकाश होता, तो एकटाच. असं पुरतं माझ्यावर कुणी कधी रागावलं नव्हतं. जिना उतरताना मला रडू आवरत नव्हतं, बाई, आणि तरी आयुष्यात पहिल्यांदा मी ताठ मानेनं रस्त्यावर आलो.